पाणी अर्धी काच

८ सप्टेंबर, सोमवार

पाणी नाही. विस्तव नाही. दाब शून्य.

काय ही सवय! रिटायर होऊन दोन वर्षं झाली, अजून पेन उघडलं की आधी हेच उमटतं. तेहतीस वर्षं मुरबाडच्या कंपनीत बॉयलरवर होतो. दर तासाला रजिस्टरात पाणी किती, दाब किती, खाली सही — कमळू. आता सही मागणारं कुणी उरलं नाही म्हणून ही वही.

रंगूला जाऊन आज अकरा दिवस. गणपतीला आली होती, दीड दिवस. गणपती थोरल्या भावाकडे, पंचवीस माणसं घरात, ती चुलीपाशी, मी ओटीवर. आली तेव्हा मी विचारलं, गुडघे कसे आहेत. निघाली तेव्हा तिने विचारलं, गोळ्या घेता ना. छत्तीस वर्षांच्या बायकोशी दीड दिवसात एवढंच बोलणं! मग प्रणय गाडी घेऊन आला आणि आईला परत पनवेलला घेऊन गेला.

नातीला सांभाळायला गेली होती, गेल्या वर्षी जूनमध्ये. तीन-चार महिने म्हणाली होती. पंधरा महिने झाले. रविना आता शाळेत जायला लागली, दुपारपर्यंत घरात कुणी नसतं. तरी ही तिकडेच. का, ते मी विचारत नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

भाकरी जळली. पुन्हा. टनभर वाफ काढणारा माणूस मी, आणि तव्याखालचा जाळ सांभाळता येत नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

जयराम आला. म्हसा रोडला त्याचं लेथचं दुकान आहे, शाळेपासूनचा दोस्त. सेफ्टी वाल्वच्या दोन्ही टोप्या करून आणल्या, पितळी, करंगळीएवढ्या. इतकं सुबक काम की थोडा वेळ दोघंही नुसते बघत बसलो. झालं! इंजिनाचं शेवटचं काम होतं हे. नऊ वर्षं लागली.

एकदा नीट लिहून ठेवतो, नाहीतर माझ्यामागे कुणी म्हणेल म्हातारा खेळण्याशी खेळत होता. खेळणं नाही हे. खरं वाफेचं इंजिन आहे, फक्त लहान. चार फूट लांब. बॉयलर तांब्याचा, चांदीच्या डागाने जोडलेला. आत खरा कोळसा जळतो, खरं पाणी उकळतं, आणि वाफ दोन माणसांना ओढून नेते, मागच्या डब्यावर. आमराईत तीन आंब्यांभोवती रूळ टाकलेत, लोखंडी खांबांवर दोन फूट उंच. लोक विचारतात उंच का? रंगूच्या गुडघ्यांसाठी. तिला खाली वाकून बसता येत नाही.

जयराम म्हणाला, इंजिनाला वहिनींचं नाव दे. दिलं नाही. मशीन बिघडलं की त्याला शिव्या घालाव्या लागतात.

१४ सप्टेंबर, रविवार

साडेसातचा फोन झाला. रोजच्यासारखाच. जेवलीस का? जेवले. पाऊस? आहे. रविना? झोपली. ठेवू? ठेव.

फोन ठेवला आणि मग आठवलं काय काय सांगायचं होतं. शेवग्याला फुलं आली. तिची आवडती कढई सापडली, पोटमाळ्यावर होती.

रंगू कसाऱ्याची. तिच्या बापाचं घर रुळाला लागून. भिंतीवरची भांडी दर गाडीला हलायची. लग्न होऊन इथे आली ते सन एकोणनव्वद. आठ दिवस पोरीला झोप नाही. आईला वाटलं काही दुखतंय. शेवटी मला म्हणाली, "इथं गाडीच वाजत नाय. झोप कशी लागंल?" मी नवा नवरा, ऐट मोठी. म्हणालो, येणार आहे की मुरबाडला गाडी, सगळे म्हणतायत! छत्तीस वर्षं झाली. अजून म्हणतायतच.

ती पुढे कधी बोलली नाही यावर. झोपायलाही शिकली. पण कल्याणला गेलो की स्टेशनात उगाच दहा मिनिटं उभी राहायची, काम नसताना. मी घाई करायचो. एसटी चुकेल म्हणायचो.

नऊ वर्षांपूर्वी ठरवलं, सरकारची गाडी येवो न येवो, आपण आपली आणू. तिला सांगितलं तेव्हा हसली. पण रोज साडेआठला शेडमध्ये चहा आणून द्यायची आणि अर्धा तास स्टुलावर बसायची. नऊ वर्षांतली ती अर्ध्या तासाची बैठक, तीच खरी मजा होती. गेल्या पंधरा महिन्यांत काम भराभर झालं. मजा नाही आली.

१५ सप्टेंबर, सोमवार

बॉयलरची पाण्याची तपासणी घेतली. जयराम कुरकुरत होता, पितृपक्षात नवं काम नको. म्हटलं, विस्तव पेटवतोय कुठे? नुसतं पाणी भरतोय. पितरांना पाणी चालतं. मग हसला.

बॉयलर काठोकाठ भरायचा, हवेचा बुडबुडा ठेवायचा नाही, आणि हातपंपाने दाबायचं. काम पाच किलो दाबाचं, तपासणी दहा किलोची. काही फुटलंच तर पाणी फक्त गळतं, वाफेसारखं उडत नाही, म्हणून आधी पाण्याने. दहाला नेला आणि अर्धा तास काट्याकडे बघत बसलो. केसभर हलला नाही. एकही थेंब नाही.

रंगूला फोनवर सांगितलं, दहाला धरला. ती म्हणाली, बरं झालं. मागे रविना कसलंतरी गाणं लावून नाचत होती.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

प्रणयचा फोन. बाबा, तुमीच या ना इकडे. एकटे किती दिवस राहणार? दिवाळीनंतर ठरवून टाकू, तिकडच्या घरातली खालची खोली भाड्याने देऊ. मुलगा चांगला आहे माझा, मनापासून बोलत होता. सून कुणालीनेही फोन घेऊन तेच सांगितलं, गोड आहे पोरगी.

विचारलं, इंजिन? तर म्हणाला, बघू कुणाला शोकेसमध्ये हवं असेल तर.

शोकेस! तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मी गॅलरीत बसून काय बघणार? समोरच्या इमारतीची गॅलरी. पण रंगू तिथे आहे. हे लिहितानाही खोटं लिहीत नाही — ती तिकडेच राहणार असेल तर मी जाईन. इंजिन टाकून जाईन. नाहीतर कुणासाठी इथे बसायचं?

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले. शेजारणीने येऊन मांडून दिले.

जयरामला प्रणयचं सांगितलं. तो पाना खाली ठेवून म्हणाला, तू तिला ये म्हणालास का कधी? काय प्रश्न आहे! ती पाहुणी आहे का, बोलवायला? तिचं घर आहे. आपल्या घरी यायला कुणी आमंत्रण देतं का? माझ्या बापाने आईला कधी ये म्हटलं नाही. आई माहेरी गेली की तो पाचव्या दिवशी रस्त्याच्या फाट्यावर जाऊन बसायचा, पण निरोप धाडायचा नाही.

आणि समजा म्हटलं ये, आणि ती म्हणाली नाय जमत. मग?

जयराम म्हणाला, तू तीस वर्षं मशीनशीच बोललास, म्हणून असा. रागाने चहा अर्धा टाकून गेला.

२५ सप्टेंबर, गुरुवार

रंगू येतेय!

दसऱ्याला. कुणाली मुलीला घेऊन चार दिवस माहेरी जाणार आहे, "म्हणून मी मोकळी हाय," म्हणाली. मोकळी आहे म्हणून येतेय. असू दे. तीस तारखेला येणार, तीनला जाणार.

मी म्हणालो, बरं. फक्त बरं! ठेवल्यावर घरभर फिरलो. मग पोटमाळ्यावरची कढई घासली.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

घर झाडलं. आमराई झाडली. रुळांना तेल. गुडघ्यांना तेल — माझ्या.

२८ सप्टेंबर, रविवार

पहिला विस्तव.

पाणी अर्धी काच. दाब पाच. मनुष्य ठीक!

जयराम रुसवा सोडून आला होता. सगळं क्रमाने केलं, हनुमान मिस्त्रींनी शिकवलं तसं. ते माझे उस्ताद, मी चोवीस वर्षांचा असताना हाताखाली घेतलं. आधी पाणी, मग विस्तव. पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेवर डोळे झाकून भरवसा ठेवायचा नाही, खालचा कॉक उघडून काच रिकामी करायची आणि पाणी पुन्हा वर येतं का बघायचं. एक किलो दाब झाला की सेफ्टी वाल्व हाताने उचलून बघायचा, अडकलाय का. दाब जास्त झाला की वाफ आपोआप बाहेर सोडणारी हीच एक वाट, ती मोकळी आहे हे आपल्या हाताला कळलं पाहिजे. बॉयलरमध्ये पावसाचं पाणी, पत्र्यावरून पिंपात धरलेलं, कारण आमच्या बोअरचं जड आहे, आत खपली धरतं.

मिस्त्रींच्या दोन गोष्टी मी पुढे सगळ्या पोरांना शिकवल्या. पहिलं माणूस, मग बॉयलर, मग कंपनी. आणि बॉयलरवाल्याने पळायचं नाही.

काटा पाचच्या तांबड्या रेघेला टेकला आणि दोन्ही वाल्व एकदम फुसफुसले. जयरामने टोपी काढून कपाळाला लावली. आठ फेरे मारले. आंब्यांवरचे बगळे उडून गेले.

शिट्टी वाजवली नाही. जयराम दोरीला हात घालत होता, हात बाजूला केला. ती रंगू आल्यावर.

३० सप्टेंबर, मंगळवार

आली. अकराची एसटी, मी सव्वादहालाच स्टँडवर. एक छोटी पिशवी. किती छोटी पिशवी आणलीय!

घरात पाऊल टाकल्या टाकल्या म्हणाली, तवा कुठं ठेवलाव? आणि अर्ध्या तासात घराला पुन्हा वास आला, भाकरीचा, लसणाचा. मी ओटीवर बसून नुसता वास घेत होतो. जेवताना दोन भाकऱ्या जास्त झाल्या. ती म्हणाली, वाळलाव तुमी. मी म्हणालो, हवा बदललीय. काहीतरी बोलायचं म्हणून बोललो.

आमराईत जाऊन इंजिन बघितलं. फिरून, वाकून, चाकांना हात लावून. "रूळ उंच का केलाव?" विचारलं. सांगितलं. तिने पदराने डब्याची बैठक पुसली. आधीच पुसलेली होती.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. आज हत्यारांना हात लावायचा नाही, पूजा करायची. कंपनीत या दिवशी बॉयलर गार ठेवायचो आणि दाराला शेंदूर फासायचो. घरात कोयता, नांगराचा फाळ, माझे पाने, आणि आज पहिल्यांदा इंजिन.

मी झेंडू आणायला बाजारात गेलो तेवढ्यात हिने पूजा उरकलीसुद्धा. सगळ्या हत्यारांना हळदकुंकू, इंजिनाला मात्र शेंदूर. चिमणीला, दाराला, आणि वरच्या दोन्ही वाल्वच्या टोप्यांना बोटभर, अगदी मारुतीसारखा. एकाला लावून दुसऱ्याला कसं सोडायचं, म्हणाली. विस्तवाचं दैवत आहे, कुंकवाने भागत नाही. नारळ मी आल्यावर फोडला. कुणी तरी नऊ वर्षं केलेल्या कामाला हात जोडले, माझ्या समोर. डोळे भरून आले, धुराचं निमित्त सांगायला धूरही नव्हता.

वाल्ववरचं पुसायला हवं होतं. हात गेला होता फडक्याकडे. पण तिची बोटं उमटलेली दिसत होती त्यावर. उद्या बघू म्हटलं.

२ ऑक्टोबर, गुरुवार — दसरा

दोनदा वही मिटवली. पण लिहिणार. रजिस्टर आहे हे.

तीनला विस्तव घातला. पाणी अर्धी काच. काच रिकामी करून बघितली, बरोबर. मग एक किलो झाला की वाल्व हाताने उचलायचा. तेहतीस वर्षांत एकदा चुकवलं नाही. आज चुकवलं.

रंगू हिरवं लुगडं नेसून आली. केसात झेंडूचं फूल. पदर खोच म्हणालो, चाकं आहेत. खोचला. डब्यावर माझ्यामागे बसली, फळीवर पाय, आणि विचारलं, धरू कुठं? मला धर म्हणालो. तिने दोन्ही हातांनी माझी कंबर धरली. पंधरा महिन्यांनी! आता मला वाल्व कुठून आठवणार? मी काट्याकडे बघत नव्हतो. मी माझ्या पोटावरच्या तिच्या बांगड्या बघत होतो.

पहिला फेरा सावकाश. दुसरा जरा जोरात. कोळसा जास्त टाकला, ऐटीत. तिसऱ्या फेऱ्याला एकदम ध्यानात आलं की फार शांत आहे. फुसफुस नाही. खाली बघितलं. काटा साडेपाचवर.

पाचला वाल्व बोलायला हवे होते. दोन्ही गप्प. बघता बघता सहा. मग साडेसहा.

लगेच हात चालायला लागले, मी नाही, हातच. विस्तव फुंकणारा ब्लोअर बंद. विस्तवाचं दार सताड उघडं. हातपंप मारून गार पाणी आत. इंजिन चालतंच ठेवलं, चालत्या इंजिनाची वाफ खर्च होते, थांबलं की चढते. विस्तवाखालच्या जाळीची खीळ ओढून निखारे खाली पाडायचे, तो शेवटचा उपाय. पण निखारे पडले असते आणि मागून रंगूचा डबा त्यांवरून गेला असता, लुगडं लोंबत होतं. म्हणून ते नाही. राहिली शिट्टी. दोरी ओढली आणि दांड्याला गुंडाळून टाकली, वाफ जाऊ दे तिथून.

शिट्टी वाजायला लागली ती थांबेचना. दीड फेरा! बगळे गेले, शेजारची कुत्री भुंकली, रस्त्यावरची जीप थांबली. आणि रंगूने मला अजून घट्ट धरलं आणि कानाशी तोंड आणून ओरडली, "कसाऱ्याची हाय! अगदी कसाऱ्याची! बंद नका करू!"

तिला शिट्टी ऐकू येत होती. मला काटा दिसत होता. सहा. साडेपाच. पाच. चार झाल्यावर आंब्याखाली थांबवलं. ती उतरली, डोळे पुसले, हसत होती. लग्नातल्यासारखी दिसत होती. मी म्हणालो, चहा टाक. आत पाठवली आणि मग खीळ ओढली. निखारे ओल्या गवतात पडून चर्र झाले. मग मी आंब्याला टेकून खाली बसलो.

बॉयलर दहा किलोला तपासलेला होता. म्हणून हे पान लिहितोय.

संध्याकाळी वाल्व खोलले. दोन्ही जाम, पक्कड लावून फिरवावे लागले. टोपीच्या फटीतून आत उतरलेलं तांबडं, दगडासारखं. वास घेतला, अळशीचं तेल. चहा पिता पिता सहज विचारलं, शेंदूर कुठला लावलास गं? म्हणाली, घरातला संपलेला, तुमच्या शेडमध्ये डब्यात कालवलेला सापडला.

तो डबा! शेंदूर आणि अळशीचं तेल, पाइपांच्या आट्यांना लावतो आम्ही. वाफ लागली की दगड होतो आणि थेंब गळत नाही, त्यासाठीच असतो. डब्यावर नाव लिहिलेलं नाही, मला कशाला लागतं नाव. तिने देवाचा समजून लावला. तिचा काय दोष?

तिला सांगितलं नाही. वॉशर गेला म्हणालो. कसं सांगू? नऊ वर्षांनी तिने हात जोडले, त्याच हाताने आपण — असं तिच्या मनात बसलं की ती पुन्हा या शेडमध्ये पाऊल टाकणार नाही.

पण खरी गोष्ट ती नाही. शेंदूर नाही, वाल्व नाही. पहिलं माणूस! साडेसहावर काटा असताना मागे माझी बायको बसली होती, आणि मी तिला उतर म्हणालो नाही. का? घाबरून उडी मारेल, पडेल, असं मनाला सांगितलं तेव्हा. खरं सांगू? तिने हात सोडायला नको होते मला.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

गेली. दुपारची एसटी. स्टँडवर वीस मिनिटं उभे होतो शेजारी शेजारी. दोनदा तोंड उघडलं. एकदा गोळ्यांचं विचारलं, एकदा पाण्याच्या बाटलीचं. ती माझ्याकडे बघत होती, वाट बघितल्यासारखी. मग विचारलं, इंजिन परत कधी चालवणार? बघू, म्हणालो. गाडी आली.

तिने खिडकीतून हात हलवला. मी डेपोच्या भिंतीकडे बघत राहिलो. मूर्ख माणूस!

४ ऑक्टोबर, शनिवार

पाणी नाही. विस्तव नाही. दाब शून्य.

६ ऑक्टोबर, सोमवार

जयरामला सगळं सांगितलं. शेंदूर ऐकून आधी हसला, साडेसहा ऐकून पांढरा पडला. वाल्व स्वतः घेऊन गेला, नवे करतो म्हणाला, हाताने उचलायचा कान मोठा ठेवतो, म्हणजे विसरायला नको. डब्यावर मी तांबड्या रंगाने लिहिलं, पाइपाचा. देवाचा नाही.

मग म्हणाला, वहिनींना सांग. म्हटलं, तिला काही कळलेलं नाही, आनंदात गेलीय, राहू दे. तर म्हणाला, रजिस्टरात खोटा दाब लिहिलास कधी? नाही लिहिला. एकदा एका पाळीवाल्याने वाल्व सारखा बोंबलतो म्हणून त्याला तार बांधलेली, तेव्हा मीच तक्रार केली होती, आणि तो माझा मित्र होता.

जयराम आज चहा पूर्ण प्यायला.

७ ऑक्टोबर, मंगळवार

प्रणय म्हणतो, एका ओळखीच्याला इंजिन हवंय, हॉटेलच्या दारात ठेवायला. रात्री दिवे सोडणार म्हणे आतून.

अंगणात तिची पायताणं राहिलीत, जुनी. बघितली आणि उचलून आत ठेवली. मग पुन्हा बाहेर ठेवली, होती तिथे. रंगू, घर खायला उठतं गं. इथेच लिहितो, फोनवर तोंडातून निघत नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार

साडेसातला फोन लागला. जेवलीस का? जेवले. ठेवू? ठेव.

उद्या सांगतो.

९ ऑक्टोबर, गुरुवार

सांगून टाकलं. शेंदूर, वाल्व, साडेसहा, वॉशरचं खोटं, सगळं. ती म्हणाली, माहीत हाय मला. काटा तांबड्या रेघेच्या पल्याड गेला तेव्हाच बघितला, तुमच्या खांद्यावरनं. बॉयलरवाल्याची बायको हाय मी, तेवढं कळतं.

मग उतरली का नाहीस?

"तुमी उतर बोलले नाय, म्हणून नाय उतरले," रंगू म्हणाली. "ये बोलले असते, तर कधीच आले असते."

ये, म्हणालो.